३८० रुपयांचं पर्जन्यमापक, चार डबे आणि चौथीचा वर्ग

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सासवडच्या बाजारातून प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक आणलं. ३८० रुपये माझ्याच पर्समधले. पूर्ण पावसाळा ते वापरलं, म्हणून आता खात्रीने लिहिते.

वस्तू साधी आहे. सरळ पारदर्शक नळी, मागे खिळा मारायला पट्टी, १०० मिलिमीटरपर्यंत खुणा. नळी वरपासून खालपर्यंत एकाच मापाची आहे, हे मला सगळ्यात आवडलं. मुलांनी मोजपट्टी लावून पाहिली आणि खुणा बरोबर निघाल्या. तक्रारी दोन. पहिली खूण थेट ५ मिलिमीटरला आहे आणि आमच्याकडचा पाऊस निम्म्या वेळा त्याच्या खालीच थांबतो. शिवाय छपाई उन्हाने उडाली, ऑगस्टपर्यंत २० आणि ३० हे आकडे दिसेनासे झाले. मग मुलांनी कर्कटकाच्या टोकाने नळीवर अडीचचा ओरखडा मारला.

अडीचचाच, कारण २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच हवामान खातं तो ‘पावसाचा दिवस’ धरतं. मुलांना हे पटेना. "बाई, एवढुसा तर आहे!" म्हणून व्हरांड्याच्या फरशीवर खडूने एक मीटर बाजूचा चौकोन आखला आणि त्यात लिटरभर पाणी ओतून हाताने पसरवलं. तो झाला एक मिलिमीटर पाऊस. मग एकराचा हिशोब मांडला. एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर, म्हणजे अडीच मिलिमीटरला दहा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर आमच्या मुलांना चांगला ठाऊक आहे, उन्हाळ्यात त्याच्यामागे घागरी घेऊन ती धावलेली आहेत. एकरात एक टँकर! त्यानंतर त्या ओरखड्याला कुणी ‘एवढुसा’ म्हटलं नाही.

एक चूक माझी झाली. मापक पहिल्यांदा वळचणीजवळच ठोकलं होतं. एका सकाळी त्यात ३८ मिलिमीटर पाणी, आणि ओढा मात्र कोरडा. पत्र्याचं पाणी नळीत गळत होतं. झाड, भिंत, पत्रा यांपासून लांब, मोकळ्यावर खांब रोवूनच ते लावा.

पण मापक आणलं होतं ते शक्यता शिकवायला, आणि त्यासाठी अंदाज लागतो. फोनवरच्या एका ॲपमधून रोज शाळा सुटताना दुसऱ्या दिवशीच्या पावसाच्या शक्यतेचा आकडा फळ्यावर लिहायचा. त्या ॲपचा आकडा तासातासाला बदलतो. म्हणून साडेचारला दिसेल तोच धरायचा आणि नंतर फोन बघायचा नाही, हे पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी आकडा आला ३० टक्के. मी विचारलं, म्हणजे काय? एक मुलगा म्हणाला, "तीस टक्के गाव भिजणार. वरची आळी भिजंल, आपली नाय." दुसरी म्हणाली, दिवसातला तेवढा वेळ पडणार. ही फक्त लहान मुलांची चूक नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्कमधल्या मोठ्या माणसांना हाच प्रश्न विचारला होता. २००५ साली त्यांनी ते छापलं. हवामानशास्त्रातला नेहमीचा अर्थ असा की, उद्यासारख्या दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस पडतो. बहुसंख्य लोकांनी तो बरोबर सांगितला एकट्या न्यूयॉर्कमध्ये.

इथे हवामान खात्याची मराठी भाषा कामाला आली. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द बातम्यांत आपण ऐकून सोडून देतो. ते मोजून ठरवलेले आहेत: पाव भागापर्यंत तुरळक, अर्ध्यापर्यंत काही, पाऊण भागापर्यंत बऱ्याच, त्यापुढे बहुतांश. वरची आळी-खालची आळी हा झाला ‘ठिकाणी’चा प्रश्न. पाऊस पडेल की नाही हा ‘शक्यते’चा. हे दोन शब्द फळ्याच्या दोन टोकांना लिहून ठेवले, ते सप्टेंबरपर्यंत पुसले नाहीत.

शक्यता हातात धरायला चिंचोके घेतले. पिशवीत दहा, त्यातले सहा निळ्या आणि चार पांढऱ्या रंगाने रंगवलेले. न बघता एक काढायचा, सांगायचा, परत टाकायचा. पांढरा आला म्हणून पिशवी खोटी ठरत नाही, हे मुलांना लगेच कळलं. पावसाच्या बाबतीत मात्र कळायला वेळ लागला. जुलैत ८० टक्क्यांच्या दिवशी कडक ऊन पडलं आणि सगळी पोरं ओरडली, "ॲपने फसवलं!" मी चिंचोक्यांची पिशवी पुढे केली. थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आज पांढरा निघाला."

माझ्या सगळ्या नोकरीत इतकं नेमकं उत्तर मी थोड्याच वेळा ऐकलं आहे.

त्यानंतर बिस्किटांचे चार रिकामे डबे आणले: २०, ४०, ६०, ८०. आकडा ज्याच्या जवळचा, त्या डब्यात तो दिवस सरल्यावर पुढच्या सकाळी चिठ्ठी टाकायची. नळीतलं पाणी ओरखड्यापर्यंत आलं तर निळी, नाही तर पांढरी. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आमचं मोजणं परिपाठ झाल्यावर, पण रोज त्याच वेळेला. सप्टेंबरअखेर डबे उघडले. ८० च्या डब्यात ११ पैकी १० निळ्या, ६० मध्ये १७ पैकी ९, ४० मध्ये १२ पैकी ४, २० मध्ये २१ पैकी ५. साठाच्या डब्यात दहा तरी हव्या होत्या, एक कमी कशी, यावर अर्धा तास वाद झाला. चिठ्ठ्या अजून कमी आहेत, असं मुलांनीच ठरवलं.

जूनच्या शेवटी एका मुलीच्या वडिलांनी तिला विचारलं होतं, "उद्या पडंल का? वाटाणा टाकायचा हाय." ती म्हणाली, "पप्पा, सहा निळे, चार पांढरे." दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि चिंचोक्यांची पिशवी हातात घेऊन बघून गेले. मृगाचं वाहन कोणतं, हे पंचांगात ते आजही बघतात, आणि मी त्यांना ते सोडायला सांगितलेलं नाही.

मापक घ्याच, पण १ मिलिमीटरपासून खुणा असलेलं आणि त्या छापलेल्या नव्हे, कोरलेल्या असलेलं मिळतंय का ते आधी बघा. ॲप कुठलंही चालेल, आकडा टक्क्यांत असला म्हणजे झालं. चौथीची मुलं येत्या जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जातील. डब्यांना त्यांनी आत्ताच दोऱ्या बांधल्यात आणि वर कागद चिकटवलाय: ‘तिसरीवाल्यांनो, रिकामे करू नका. यातच टाका.’