नोकरी सांभाळून संज्ञापनाचं एम.ए.: पंधरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जुलैत प्रवेश घेतला. दोन सत्रं पार पडली, तिसऱ्याची परीक्षा तोंडावर आलीय. कोर्स संज्ञापन आणि पत्रकारितेचा, एम.ए., दोन वर्षांचा. वर्ग आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि शनिवारी. कॉलेज उपनगरात आहे. नाव घेत नाही, कारण अजून एक सत्र त्याच लोकांसमोर बसायचंय. फी दोन वर्षांची मिळून माझ्या साधारण अडीच महिन्यांच्या पगाराएवढी. झेरॉक्स आणि लोकलचा पास वेगळा.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात चौदा वर्षं डीटीपी ऑपरेटर आहे, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर लावतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा आणि निवडणूक आली की पत्रकं. घरी सांगितलं की कम्युनिकेशनचं एम.ए. करतोय, तर आई म्हणाली, "म्हणजे इंग्रजी बोलायचा क्लास ना?" नको, मराठीत सांगावं म्हणून 'संज्ञापन' म्हणालो, तर शेजारच्या काकूंना 'विज्ञापन' ऐकू आलं. माझा पहिला धडा तिथेच, फी न भरता झाला.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका नोटिशीमुळे. एका सोसायटीची टाकी धुवायची होती, गुरुवारी दहा ते सहा पाणी बंद. नोटीस छापायला संगणकावर मीच लावली. सुरुवात 'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की', मग कार्यकारिणीची सभा, मग ठराव क्रमांक, आणि पाणी आलं पाचव्या ओळीत. गुरुवारी अर्धी बिल्डिंग अंगाला साबण लावून बसली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी छापखान्यात हजर. "अहो, तुम्ही बारीक टाइप घातलात." टाइप चांगला मोठा, सोळा पॉइंटचा होता. एक वेलांटी चुकलेली नव्हती. शेटने मला गप्प राहायची खूण केली आणि मी गप्प राहिलो. पण ती नोटीस डोक्यातून जाईना.

पहिल्या सत्रात तिचं उत्तर मिळालं, आणि ते मिळालं थिअरीच्या तासाला. क्लॉड शॅनन बेल लॅबोरेटरीजमधला गणितज्ञ. त्याने 1948 साली संदेश तारेवरून बिनचूक कसा जाईल याचं गणित मांडलं. पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपात आलं तेव्हा वॉरन वीव्हर या दुसऱ्या गणितज्ञाने सोबत एक लेख जोडला आणि म्हटलं की प्रश्न तीन पातळ्यांवरचा आहे: चिन्हं अचूक पोचली का, अर्थ पोचला का, आणि ऐकणारा माणूस त्याप्रमाणे वागला का. मी वहीत तीन आडव्या रेघा मारल्या आणि बघत बसलो. आमचा धंदा चौदा वर्षं पहिल्या रेघेवर चाललाय. रंग रंगावर बसला, शाई पसरली नाही, अनुस्वार सुटला नाही, की बिल फाडायचं. साबण लावलेली माणसं तिसऱ्या रेघेवर होती.

म्हणून आधीच सांगून टाकतो. या कोर्सबद्दल बाहेर सगळे म्हणतात, "थिअरी काय, पाठ करायची आणि सोडून द्यायची, प्रॅक्टिकल बघून कॉलेज निवड." माझा अनुभव नेमका उलटा आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर थिअरीला चार, प्रॅक्टिकलला दीड. तो दीडही लॅबमधल्या एसीमुळे.

प्रॅक्टिकलचंच आधी उरकतो. वर्गात चाळीस जण, चालणारे कॅमेरे दोन. व्हिडिओची असाइनमेंट सगळ्यांनी मोबाइलवर केली आणि ती बरीही झाली, पण मग लॅबची वेगळी फी कशाला? पान लावायच्या तासाला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर होतं. सरांनी मराठी मजकूर ओतला आणि जोडाक्षरं फुटली, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली. सर म्हणाले, "मराठीत हा प्रॉब्लेम येतोच." येत नाही. परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडला की अक्षरं जागेवर येतात. मी उठून करून दाखवलं. त्यानंतर तो तास जवळजवळ माझ्याकडेच आला; श्रीलिपी फाँटमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, कसा आणायचा, हेही मीच शिकवलं. त्याबद्दल फीमध्ये सूट मिळाली नाही. निकालही उशिरा लागतात, पण त्यावर लिहायला बसलो तर पान पुरणार नाही.

इंटर्नशिपची वेगळीच गंमत. चार आठवडे एखाद्या माध्यमसंस्थेत काम करून प्रमाणपत्र आणायचं होतं. नोकरीवाल्याने चार आठवडे कुठून काढायचे? ऑफिसात जाऊन म्हटलं, "मॅडम, मी प्रेसमध्येच आहे." त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, कुठल्या पेपरला?" मी म्हटलं, पावतीपुस्तकं छापतो. चेहरा मावळला. शेवटी ओळखीच्या एका साप्ताहिकासाठी सहा शनिवार मुद्रितं (प्रूफं) तपासली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

आता थिअरी. दुसऱ्या सत्रात अजेंडा सेटिंग आलं, म्हणजे माध्यमं ज्या प्रश्नांना महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात, हे सूत्र. मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी 1968 च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल गावात, मत कुणाला द्यायचं हे न ठरवलेल्या 100 मतदारांना विचारलं की तुमच्या मते महत्त्वाचे प्रश्न कोणते. ती यादी त्यांनी वर्तमानपत्रं आणि टीव्हीवरच्या बातम्यांच्या यादीशी लावून बघितली. दोन्ही बऱ्याच जुळल्या. 1972 साली तो निबंध छापून आला. आम्हाला सांगितलं, हेच लहान प्रमाणात करून आणा.

छापखान्यात दोन मराठी दैनिकं येतात. महिन्याची रद्दी मी अडवली (शेटने तिचे पैसे माझ्या पगारातून कापायची धमकी दिली, कापले मात्र नाहीत) आणि पहिल्या पानावरच्या बातम्या पट्टीने मोजायला घेतल्या. कॉलम सेंटीमीटर (एका कॉलमच्या रुंदीची, एक सेंटीमीटर उंच जागा) मोजणं माझ्या हातचं काम. जाहिरातींचे पैसेही जागा मोजूनच ठरतात. अडलं ते वर्गीकरणात. जोडीला वसईची बावीस वर्षांची वर्गमैत्रीण होती. तिने आणि मी त्याच 30 बातम्या वेगवेगळ्या बसून विभागल्या. जुळल्या 19. खड्ड्यात दुचाकी घसरून माणूस गेल्याची बातमी मी 'अपघात'मध्ये टाकली होती, तिने 'नागरी प्रश्न'मध्ये. ती म्हणाली, "दादा, खड्डा आपोआप पडतो का?" मी म्हटलं, मथळ्यात 'अपघात' लिहिलंय. "मथळा तुम्हीच लावता ना!" अर्धा तास भांडलो. मग नियम लिहून काढले, पुन्हा बसलो, 26 जुळल्या. बातमीला नाव देतानाच तिचा दोषी ठरतो, हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. हजारो मथळे लावून कळलं नव्हतं.

दुसरी यादी आमच्या वाडीतल्या 25 जणांकडून घेतली. मुंबईचा सगळ्यात मोठा प्रश्न कुठला? पहिल्या पानावर महिनाभर पक्षांची फोडाफोडी होती आणि वाडीत उत्तर आलं पुनर्विकास आणि पाणी. मला वाटलं, प्रयोग फसला. हा विषय शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, फसला नाही. जो प्रश्न माणूस रोज अंगावर झेलतो, त्याबाबत तो पेपराची वाट बघत नाही. जे लांब आहे, त्याचं महत्त्व त्याला पेपर ठरवून देतो. यावरही नंतरच्या लोकांनी संशोधन केलंय. या मॅडम कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहेत, आणि माहितीपत्रकात त्यांचं नाव एका ओळीत आहे.

पुनर्विकासाचं निघालंच आहे तर सांगतो. एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जनमताचा अभ्यास करणाऱ्या जर्मन बाईंनी 1974 साली मौनाचं चक्र मांडलं. आपलं मत कमी लोकांचं आहे असं वाटलं की माणूस एकटं पडायच्या भीतीने गप्प होतो. तो गप्प झाला की ते मत आणखी कमी लोकांचं वाटायला लागतं. मला हे जर्मनीतून शिकावं लागलं याचंच हसू आलं. वाडीतल्या सभेत बिल्डरच्या बाजूने चार जण मोठ्याने बोलले, हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळे वर. सभा सुटल्यावर जिन्यात तेच लोक दबक्या आवाजात म्हणत होते, "भाड्याचं लेखी कुठेय?" मीही हात वर केला होता. तोपर्यंत मी ते चक्र परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहून आलो होतो.

कायद्याचा पेपर सगळे टाळतात. माझ्यासारख्याने टाळू नये. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी मी मुद्रकाचं नाव-पत्ता बारीक टाइपात टाकत आलो; का, ते कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या माणसाची फाइल उघडायची, ओळ तशीच ठेवायची. वर्गात कळलं की ती ओळ 1867 च्या कायद्यातून आलीय, 1857 च्या उठावानंतर दहा वर्षांनी इंग्रजांनी केलेल्या. तो कायदा आता गेला, 2023 चा नवा आला, 1 मार्च 2024 पासून लागू झाला, आणि हा नवा नियतकालिकांपुरता आहे. पण निवडणुकीच्या पत्रकाचं प्रकरण वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-क सांगतं की त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. शिवाय प्रकाशकाने, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या असलेलं प्रतिज्ञापन मुद्रकाला द्यायचं. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे शेटला सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्या एम.ए.बद्दल आदराने विचारलं, "अजून काय काय शिकवतात?"

तक्रार आहे ती भाषेची. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा आहे, पण वाचायला मराठीत हाताशी धड फारसं काही नाही. इंग्रजी प्रकरण वाचायचं, लोकलमध्ये उभ्याने, आणि मराठीत डोक्यात लावायचं. चर्नी रोडला संध्याकाळच्या गर्दीत बोरिवली स्लो पकडून नोट्स वाचायच्या म्हणजे एक हात कडीला आणि पान दातात. शब्दांचाही घोळ: एकाच संकल्पनेला तीन प्राध्यापकांचे तीन मराठी शब्द, आणि तपासणारा चौथाच. मी परीक्षेत इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो आणि पुढे सरळ अर्थ सांगतो. मार्क पडतात.

आणि उदाहरणं जवळजवळ सगळी बाहेरची. 6 जानेवारी 1832 ला याच मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, त्यासाठी एक तास. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं, शीर्षस्थानी तुकोबांच्या ओळी घेऊन. त्याला अर्धा तास, उरलेला अर्धा हजेरीत गेला. मी 'दर्पण'च्या पानाचं छायाचित्र बराच वेळ बघत होतो. मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी स्तंभांत. दोन भाषांची पत्रिका लावणाऱ्याला विचारा: मराठीला वर मात्रा, खाली उकार, ओळ उंच होते, इंग्रजीशी समांतर राहत नाही. मी माउसने अर्ध्या अर्ध्या पॉइंटने सरकवतो. त्यांनी ते हाताने कसं जमवलं असेल, यावर तासभर कुणी बोललं असतं तर मी दुप्पट फी दिली असती.

घ्यावा का हा कोर्स? बातमीदार व्हायचं असेल तर हे पंधरा महिने एखाद्या छोट्या पेपरात काढा, शहर जास्त कळेल. व्हिडिओ शिकायचा तर फोन आहेच. पण आधीच एखाद्या कामात असाल, शिक्षक, नर्स, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि आपण सांगतो ते लोकांपर्यंत का पोचत नाही असं वाटत असेल, तर घ्या. संध्याकाळची तयारी ठेवा. घरच्यांना आधी विचारा; माझ्या बायकोने पंधरा महिन्यांत लेकीचा एकही अभ्यास माझ्यावर सोडलेला नाही, आणि तिला कुणी पदवी देणार नाही.

कामात फरक पडलाय. नोटीस आली की गिऱ्हाईकाला विचारतो, हे कोण वाचणार, कुठे उभं राहून? शेट म्हणतो, "तुला छापायला ठेवलाय, चौकशीला नाही." तरी पाणी आता पहिल्या ओळीत असतं, ठराव क्रमांक तळाला. दोन सेक्रेटऱ्यांनी भांडून तो पुन्हा वर घ्यायला लावला.

शेवटच्या सत्रात लघुशोधप्रबंध आहे. मी विषय घेतलाय वाडीच्या तोंडाशी असलेला फळा. मंडळाचा मुलगा त्यावर खडूने लिहितो: मृत्यूच्या बातम्या, रक्तदान, दहावीचे निकाल. आतापर्यंतच्या निरीक्षणात एक गोष्ट दिसतेय: फळा वाचतात थोडेच, बाकीचे पानवाल्याला विचारतात, "काय लिहिलंय रे?" 1940 च्या अमेरिकन निवडणुकीचा अभ्यास करून लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की माध्यमातली गोष्ट आधी काही जाणत्यांकडे जाते आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडे. आमचा जाणता चुना लावत बसलेला असतो. मॅडमना विषय आवडला, पण विद्यापीठाच्या अर्जावर शीर्षक इंग्रजीतही द्यायचंय. ब्लॅकबोर्ड लिहिलं तर शाळेतला वाटतो, नोटीस बोर्ड लिहिलं तर सोसायटीचा. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि ती चौकट अजून रिकामी आहे.