‘नॅनो कोटिंग’च्या नावाखाली माझे १५,२९० रुपये गेले

आरसी ट्रक (रिमोटवर चालणारी खेळातली गाडी) पावसात आणि किनाऱ्यावर चालवणाऱ्यांनी हे वाचाच. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) आणि स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) यांना पाणी लागू नये म्हणून ‘नॅनो कोटिंग’ करून देतो म्हणणाऱ्या पुण्याच्या एकाला मी ४,७५० रुपये यूपीआयने आगाऊ दिले. कुरिअरचे २४० वेगळे. मी काही अगदी नवखा नाही, बारा वर्षं स्वतः सोल्डरिंग करतोय. पण त्याचा व्हिडिओ होता ना! ग्लासभर पाण्यात ईएससी आणि वर मोटर फिरतेय. गोड्या पाण्यातून वीज फार वाहत नाही, त्यामुळे कोटिंग नसलेला बोर्डही त्यात काही मिनिटं चालतो, हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी सुचलं नाही. व्हिडिओ मागायचाच तर खाऱ्या पाण्यातला मागा, आणि बोर्ड उघडा दिसला पाहिजे.

पार्सल परत आलं तेव्हाच कळायला हवं होतं. ईएससीच्या खोक्याच्या जोडावर कंपनीचा स्टिकर होता, जसाच्या तसा. कुठे चिरलेला नाही, सुटलेला नाही. पुतण्या म्हणालासुद्धा, “काका, हे उघडलेलंच नाही.” मी त्यालाच गप्प केलं! फोन केला तर समोरून उत्तर, “दादा, आम्ही व्हॅक्यूममध्ये करतो, उघडावं लागत नाही.” आणि मी ते मानलं. तो स्टिकर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आश्वेच्या किनाऱ्यावर ओहोटीला गाडी सोडली. चार मिनिटांत स्टिअरिंग अडकलं, मग धूर. घरी उघडून पाहिलं तर आत काहीच लावलेलं नाही, पिनांवर हिरवा थर. कोटिंग फक्त खोक्याला बाहेरून मारलेलं. बऱ्याच कॉन्फॉर्मल कोटिंगमध्ये (बोर्डावर लावायच्या पातळ संरक्षक थरात) यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग असतो. कोटिंग कुठलं ते विचारून घ्या आणि पार्सल येताच टॉर्च मारा. ईएससी ६,२००, रिसीव्हर १,८००, सर्व्हो २,३००, सगळं गेलं.

ठाण्यावर गेलो तर, “खेळण्याच्या गाडीसाठी तक्रार?” तासभर बाकावर बसवलं. मग म्हणे हा ग्राहकांचा मामला. दुसऱ्या ठिकाणी म्हणे पक्कं बिल आणा. तिसऱ्या ठिकाणी म्हणे माणूस पुण्याचा, तिकडे जा. हे साफ खोटं! २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. हे मला माझ्या फोनवर वाचून दाखवावं लागलं, तेही पगार घेऊन तिथे बसलेल्या माणसाला! पंधरा हजार त्यांना किरकोळ वाटतात, मला ते साठवायला वर्ष लागलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी अकरा दिवसांनी फोन केला, तुम्ही त्याच तासाला करा.

कोटिंग स्वतःच करा. कनेक्टरच्या पिना, बटणं आणि सर्व्होतलं पोटेन्शिओमीटर (किती वळलं ते मोजणारा भाग) सोडून. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बेअरिंगला तेल द्या.

त्याचा नंबर आता बंद आहे. परवा तोच ग्लासातला व्हिडिओ दुसऱ्या नावाने दिसला, ग्लासामागची निळी टाइलही तीच.