गाठींच्या नंबरांसाठी पायथनचं ग्रुपबाय: काम चोख, पण यादी साफ हवी

चादर-टॉवेलचा माल ट्रान्सपोर्टला जाताना चलनावर गाठींचे नंबर एकेक करून लिहिले, की कागद भरतो आणि तपासणाऱ्याची नजर चुकते. १०१, १०२, १०३, १०७, १०८, ११० ऐवजी १०१-१०३, १०७-१०८, ११० एवढं पुरतं. सोलापुरातल्या कारखान्यांच्या ऑफिसात हे करायला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आयटरटूल्स या साधनसंचातलं ग्रुपबाय, म्हणजे गट पाडणारं फंक्शन, सगळ्यात सोयीचं. फुकट आहे, २.४ आवृत्तीपासून पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवायला लागत नाही.

युक्ती खरंच सुंदर आहे. चढत्या यादीतल्या प्रत्येक नंबरातून त्याची जागा वजा करायची, ० पासून मोजून. वरच्या यादीचं १०१, १०१, १०१, १०४, १०४, १०५ होतं. वजाबाकी सारखी आली, तो एक गट. जागा आणि नंबर यांची जोडी एन्यूमरेट हे फंक्शन देतं, वजाबाकी लॅम्डात (एका ओळीच्या बिननावाच्या फंक्शनात) लिहायची आणि गटातला पहिला-शेवटचा नंबर उचलायचा. नेटवरचा जुना कोड तसाच डकवला तर पायथन ३ सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) देतं, कारण लॅम्डाच्या कंसात ती जोडी फोडायची सोय आता नाही.

ग्रुपबाय फक्त शेजारशेजारचेच नंबर एकत्र करतं, म्हणून आधी सॉर्टेड (यादी चढत्या क्रमाने लावणारं फंक्शन) हवंच. त्याहीआधी इंट (मजकुराचा आकडा करणारं), नाहीतर अक्षरं समजून १० हा ९ च्या आधी लागतो. मराठी आकडेही इंटला चालतात, ही मोठी सोय. गट हातात येताच लिस्टमध्ये भरून घ्या. पुढच्या गटावर गेलात की मागचा रिकामा निघतो.

सर्वात जास्त घोळ दुबार नंबरांचा. १०७ दोनदा आला की वजाबाकी १०४, १०३, १०३ होते आणि चलनावर १०७, १०७-१०८ छापलं जातं. सेटने (एक नंबर एकदाच ठेवणाऱ्या संचाने) दुबार काढता येतात, पण गुपचूप काढू नका. आधी यादीची आणि सेटची लांबी ताडून पाहा. फरक असेल तर एखाद्या गाठीवर चुकीचा नंबर पडलेला असू शकतो, ते गोदामात जाऊनच कळेल.

२, ४, ६, ८ अशी सम नंबरांची यादी मात्र सुटीसुटीच राहते. तिथे जागेला २ ने गुणून मग वजा करा.

पायथन नकोच असेल तर एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात नंबर वजा रो (ओळीचा क्रमांक) लिहून पिव्होटमध्ये (गटवार सारांशाच्या तक्त्यात) प्रत्येक गटाचे मिन-मॅक्स, म्हणजे सर्वात लहान-मोठा नंबर, काढा, युक्ती तीच. फक्त ३-५ असं उत्तर सेलमध्ये टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. सेल आधी टेक्स्ट करा, किंवा ‘३ ते ५’ लिहा.

चलन छापण्याआधी आखूड यादी पायथनच्या रेंजने (दोन आकड्यांमधले सगळे आकडे देणारं फंक्शन) परत उलगडून मूळ यादीशी जुळवा. रेंज शेवटचा आकडा धरत नाही, त्यामुळे तिथे १ मिळवायचं राहिलं तर प्रत्येक पट्ट्यातली शेवटची गाठ गळते.