क्वेश्चनेबल कंटेंट: घाई नसलेलं वेबकॉमिक

'क्वेश्चनेबल कंटेंट' या वेबकॉमिकमध्ये, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणाऱ्या चित्रकथेत, हॅनेलोर नावाची एक मुलगी आहे. लोकांसाठी वस्तूंची संख्या मोजायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे तिचं काम. ती अंतराळस्थानकावर लहानाची मोठी झाली. जंतूंची तिला विलक्षण धास्ती, त्यामुळे कुणाचा हात हातात घेणं हीसुद्धा तिच्यासाठी मोठी परीक्षा. सुरुवातीला वाटतं, हसवण्यापुरतं हे एक विक्षिप्त पात्र आणून ठेवलंय. पण शेकडो भाग सरतात आणि तीच मुलगी मैत्रिणीच्या कॉफीच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून अनोळखी माणसांना कप देताना दिसते. ती 'बरी' झाली असं कुणी जाहीर करत नाही. भीती आहे तिथेच आहे, फक्त तिच्यासोबत जगायला ती हळूहळू शिकली. 'क्वेश्चनेबल कंटेंट' मला का आवडतं, असं विचारलंत तर मी आधी हॅनेलोरबद्दलच सांगेन.

जेफ जॅक्स यांनी हे वेबकॉमिक १ ऑगस्ट २००३ रोजी सुरू केलं. लेखन त्यांचं, चित्रंही त्यांचीच. आता सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग येतो आणि एकूण भाग ५००० च्या पुढे गेलेत. मी पहिल्या भागापासून वाचायला घेतलं तेव्हा रोज रात्री तास-दीड तास वाचूनही चालू भागापर्यंत पोचायला मला अडीच महिने लागले. त्यानंतर रोजचा एकच भाग. या दोन वाचनांत फार फरक आहे. सलग वाचताना पात्रं भराभर बदलतात. रोज एक वाचताना मात्र ती शेजारी राहतात तशी राहतात. एखादं भांडण आठवडाभर चालतं आणि शनिवार-रविवारी त्याचं काय झालं असेल याचा विचार डोक्यात घोळत राहतो.

गोष्ट घडते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थॅम्प्टन गावात. मार्टेन हा शांत, जरा गोंधळलेला तरुण, त्याचा पिंटसाइज नावाचा आगाऊ छोटा रोबो, त्याच्याकडे राहायला आलेली तिखट जिभेची फे, आणि 'कॉफी ऑफ डूम' हे दुकान चालवणारी डोरा. या जगात रोबो माणसांसारखेच वावरतात. त्यांनाही नोकरी लागते, त्यांचीही मनं मोडतात, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. 'कॉफी ऑफ डूम'मध्ये गिऱ्हाइकाचा पाणउतारा फुकट मिळतो आणि गिऱ्हाईक तरीही परत येतं. संवाद हीच या कॉमिकची खरी ताकद आहे. शेवटच्या चौकटीत हशा येतो, पण बरेचदा त्याच्या आधीच्या चौकटीतला एखादा चेहरा जास्त लक्षात राहतो.

आता फेबद्दल. तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले. ती सगळ्यांना टोचून बोलते, कुणाला जवळ येऊ देत नाही. त्यामागचं कारण पाचशेव्या भागाच्या सुमारास कळतं: तिच्या वडिलांनी तिच्या डोळ्यांदेखत आत्महत्या केलेली असते. हे ती मार्टेनला सांगते त्या भागांत लेखकाने विनोद जवळजवळ थांबवलाय, आणि ते अगदी योग्य केलंय. पुढे दुःख एका कबुलीने संपलं असंही दाखवलेलं नाही. फे पितच राहते. खूप नंतर, अडीच हजार भाग उलटून गेल्यावर, कामावर पिते म्हणून डोरा तिला काढून टाकते. जिवलग मैत्रीणच हे करते, आणि दोघींपैकी कुणीही खलनायिका ठरत नाही. मग दारू सोडणं, रोबोंच्या बेकायदा कुस्त्यांमध्ये दुरुस्तीचं काम, तिथे भेटलेली बबल्स ही धिप्पाड लष्करी रोबो, आणि पुढे दोघींनी मिळून काढलेलं दुरुस्तीचं दुकान.

माझ्या धाकट्या भावाने दारू सोडली त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. दारू सोडणाऱ्याचा शेवटचा घोट, अश्रू, मिठी हे सगळं गोष्टींमध्ये पुष्कळ दाखवतात. त्यानंतरचे साधे मंगळवार, साधे बुधवार कुणी दाखवत नाही. इथे ते आहेत. फे काम करते, चिडते, विनोद करते, पीत नाही, आणि बहुतेक भागांत त्याचा उल्लेखही नसतो. आमच्या घरात ते तसंच असतं.

काही गोष्टी खटकतात. पहिल्या दीड-दोनशे भागांतली चित्रं कच्ची आहेत, माणसं ताठ उभी असतात. तेव्हाच्या इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र बँडांवरचे विनोद त्या संगीताची ओळख नसेल तर निसटून जातात. तरीही सुरुवात तिथूनच करा, कारण हात कसा सफाईदार होत गेला हे पाहण्यातही मजा आहे. अलीकडे नवी पात्रं फार येतात आणि जुनी महिनोन् महिने दिसत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. डोराची मला वाट पाहावी लागते. मार्टेन आणि त्याची प्रेयसी क्लेअर यांची जोडी मात्र लेखकाने निगुतीने जमवली आहे. आपण ट्रान्स आहोत, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा मानली गेलेली स्त्री आहोत, हे क्लेअर त्याला सांगते तो प्रसंग किती हलक्या हाताने लिहिलाय! त्यावरून उगाच नाट्य उभं केलेलं नाही. भाषा बोलीतली इंग्रजी आहे, शिव्या आणि शारीरिक विनोदही आहेत, त्यामुळे लहान मुलांच्या हाती देऊ नका.

भावाला मी गेल्या महिन्यात याची लिंक पाठवली. तो आता आठशेच्या आसपास आहे. काल त्याचा मेसेज आला, "ताई, ही फे फार पिते गं." पुढचं मी त्याला काही सांगितलं नाही. "वाचत राहा," एवढंच लिहिलं.