साखळी मेडिकलमधली अडीच वर्षं, काऊंटरच्या आतून

भाची यंदा डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झाली. परवा फोनवर विचारत होती, "मावशी, चेनमध्ये लागू का पेठेतल्या एखाद्या मेडिकलात?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. चेनचं नाव लिहीत नाही. तसंही कोल्हापुरात त्या दुकानाला नावानं कोण ओळखतं? "ते राजारामपुरीतलं एसीचं मेडिकल" म्हटलं की झालं.

त्याआधी चार वर्षं मी शिवाजी पेठेत एका मेडिकलात होते. मालकांना अख्खी पेठ तोंडपाठ. कुणाच्या आजीला कुठली गोळी सोसत नाही, हे चिठ्ठी न बघता सांगायचे. पण बिल मागितलं की कपाळाला आठी. अधूनमधून मला घरबसल्या सर्टिफिकेट भाड्यानं द्यायच्या ऑफरी पण यायच्या, म्हणजे भिंतीवर माझं नाव आणि औषध देणार दुसराच कोणीतरी. फार्मसी कायदा 1948 चा आहे, नोंदणी असलेल्या फार्मसिस्टशिवाय औषध द्यायचं नाही हे त्यात स्पष्ट आहे, तरी विचारणारे विचारतातच. चेनमध्ये हा प्रकार नाही. माझं सर्टिफिकेट भिंतीवर, आणि मी त्याच्याच खाली उभी.

कागदाच्या कामाला चेनला पैकीच्या पैकी मार्क. प्रत्येक पट्टी बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट बिलावर. इन्सुलिनच्या फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत, 2 ते 8 अंशांच्या बाहेर गेलं की लगेच फोन. झोपेची गोळी, ट्रामाडॉलसारखी जोरदार वेदनाशामक, सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक असलं काही गेलं की एच-वन रजिस्टरमध्ये, म्हणजे जपून द्यायच्या औषधांच्या वेगळ्या वहीत, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, नग; ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. 22 सप्टेंबर 2025 ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा आमचं सॉफ्टवेअर रात्रीतच बदललेलं. पट्टीवर छापलेले 112, बिलात 105. पहिलंच गिऱ्हाईक संशयानं म्हणालं, "छापल्यापेक्षा कमी कसं काय? जुना माल खपवताय काय ताई?" स्वस्त झालं तरी पटवून द्यावं लागतं, हे आमचं कोल्हापूर.

आता कागलकडच्या एका मामांचं सांगते. दुपारची वेळ, पंख्याखाली आल्यागत दारात उभे राहून घाम पुसला आणि धोतराच्या सोग्यातनं फॉइलचा एक तुकडा काढला. आत दोन गोळ्या. "ही पांढरी द्या की धा." कापताना नावाचा पुढचा भाग मूळ पट्टीला राहिलेला. तुकड्यावर दिसत होतं फक्त 'सार्टन' आणि 40. टेल्मिसार्टन पण 40 मध्ये येते, ओल्मेसार्टन पण. दोन्ही बीपीच्याच, पण म्हणून अंदाजानं द्यायची? चिठ्ठी घरी, सून रानात, मामांना मोबाईल नंबर आठवेना. शेवटी खिशातल्या डायरीत सुनेचा नंबर सापडला, तो कॉम्प्युटरवर घातला तर आमच्याच दुसऱ्या ब्रँचचं दोन महिन्यांपूर्वीचं बिल निघालं. टेल्मिसार्टन. पेठेतल्या मालकांना हे जमलं नसतं, मामा त्यांच्या पेठेतले नव्हते ना. कागदी पाकिटावर नाव लिहिलं, वाचता येत नव्हतं म्हणून शेजारी सूर्य काढला, सकाळची गोळी.

ह्यात वीस मिनिटं गेली, बिल शंभराच्या आत. संध्याकाळी मॅनेजरनी दिवसाचा हिशोब उघडला. सरासरी बिल खाली. "मॅडम, मामांना प्रोटीन पावडर विचारली का?"

नाही विचारली. आणि तीच ह्या नोकरीची खरी गोम आहे. घेताना फार्मसिस्ट म्हणून घेतात, मोजताना सेल्सवाली म्हणून मोजतात. दर महिन्याला एक वस्तू ठरलेली असते: कधी पावडरचा डबा, कधी कंपनीच्याच नावाचं कॅल्शियम, कधी फेसवॉश. प्रत्येक बिलाला विचारायचंच. तापानं फणफणलेलं पोरगं खांद्यावर घेऊन बाई उभी आहे आणि मी तिला म्हणते, "फेसवॉशवर ऑफर आहे." मी म्हटलंय हे. पहिले सहा महिने रोज म्हटलंय. नंतर फक्त मॅनेजर जवळ असला की म्हणायचे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय दिलं नाही म्हणून मात्र कुणी बोललं नाही, तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे.

पगार हातात सोळा हजार, तारखेला जमा, पीएफ वेगळा. पेठेत अकरा होते आणि तेही "उद्या घे" करत. सुट्टी आठवड्याला एक, दिवाळीत भांडून. स्टॉक मोजणीत शॉर्ट निघालं की सगळ्यांच्या पगारातून वाटून कापायचे. अठ्ठावीस रुपयांपासून सहाशेपर्यंत भरलेत मी, एकही वस्तू न हरवता. दोन वर्षांनी गिऱ्हाईकं जरा नावानं हाक मारायला लागली तोवर बदली, फुलेवाडीला. तिथं परत शून्यापासून, "आधीची ताई कुठं गेली?"

पाचपैकी तीन स्टार. भाचीला म्हटलं, दोन वर्षं कर, कॉम्प्युटर आणि रजिस्टर शिकून घे. पण मुलाखतीला गेलीस की आधी काऊंटरमागे बघ, बसायला काही आहे का. आमच्याकडं नव्हतं. नऊ तास उभं. गिऱ्हाईकासमोर बसलेलं बरं दिसत नाही म्हणे. शेवटी मी लक्ष्मीपुरीतनं प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, माझ्या पैशानं. एरिया मॅनेजरची गाडी दिसली की पायानं सरकवून सलाईनच्या खोक्यांमागं. ते अजून राजारामपुरीतच आहे. नव्या पोरीला जागा दाखवून आलेय.