अहवाल लेखनाचा ऑनलाइन वर्ग: सोयाबीनचा एक हंगाम वापरून पाहिल्यावर

वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्याच्या उणिवाही लिहिणार आहे. पैसे भरून करायचा, मराठीतला वर्ग. रेकॉर्ड केलेले धडे, अहवालाचा तयार साचा आणि सरावाचे अहवाल तपासून मिळण्याची सोय. मी लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कामाला आहे. संचालक मंडळापुढे, बँकेत किंवा कृषी खात्याकडे जे काही लेखी जातं, ते माझ्या टेबलावरून जातं. वर्ग संपल्यावर सोयाबीनचा अख्खा हंगाम त्या साच्यात लिहून झाला, म्हणून आता बोलायला हरकत नाही.

शाळा-कॉलेजात आपण जो अहवाल शिकतो तो बहुतेक समारंभाचा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, मनोगत, आभार. जे आधी घडलं ते आधी. स्नेहसंमेलनाला तो क्रम शोभतो, कारण वाचणाऱ्याला पुढे काही ठरवायचं नसतं. आमच्या मंडळात एक अण्णा आहेत, शिक्षण जेमतेम, पण कुठलाही कागद हातात पडला की विचारणार, "बाबा, ह्याच्यावर आमी ठराव काय करायचा, ते सांग की." वर्गाचे सुरुवातीचे धडे अण्णांच्या या प्रश्नाभोवतीच फिरतात, आणि तिथेच माझे निम्मे पैसे वसूल झाले.

साच्यात सर्वांत आधी कार्यकक्षा येते: अहवाल कोणी मागितला, कशासाठी, कोणत्या काळापुरता, आणि कशाबद्दल मागितलेला नाही. मग कार्यपद्धती, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी, परिशिष्टं. सारांश छापायचा पहिल्या पानावर, लिहायचा मात्र सगळ्यात शेवटी. यात नवीन असं काही नाही, कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. खरी मेहनत घेतली आहे ती निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे करण्यावर.

आमचंच उदाहरण सांगतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा एरवी १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली होती. हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली असला की खरेदी केंद्रावरून माल माघारी येणं म्हणजे थेट खिशाला कात्री. अशा वेळी मंडळापुढे जे वाक्य जातं ते ठरलेलं: "ओलाव्यामुळे माल नाकारला, शेतकऱ्यांनी नीट वाळवला नव्हता." यातला पहिला भाग निरीक्षण आहे. दुसरा निष्कर्ष आहे, आणि तोही पुराव्याशिवाय.

साचा इथे अडवतो. केंद्रावरच्या मीटरने किती ओलावा दाखवला? त्याच कट्ट्याचा, म्हणजे पोत्याचा, आपल्या मीटरवर किती आला? नमुना वरून घेतला की आतून? मीटर शेवटचं कधी तपासलं? काढणीनंतर परतीचा पाऊस झाला होता का, आणि मळणी झाल्यावर माल उघड्यावर होता की ताडपत्रीखाली? हे सगळं निरीक्षणांत मांडल्यावर निष्कर्ष कधी पावसाकडे जातो, कधी वाळवायला जागा नसण्याकडे, तर कधी दोन मीटरमधल्या फरकाकडे. शिफारस त्याप्रमाणे बदलते. पाऊस कारण असेल तर ताडपत्र्या आणि वाळवणीचा ओटा, म्हणजे खर्चाचा ठराव. मीटरमध्ये फरक असेल तर नमुना दोघांसमोर काढावा असं केंद्राला एक पत्र, ज्याला फारसा खर्च नाही. आणि "नीट वाळवला नाही" एवढ्यावरच थांबलं तर शेतकऱ्याला उपदेश करण्यापलीकडे मंडळाला करण्यासारखं काही उरत नाही.

आता उणिवा. पहिली म्हणजे उदाहरणं. सगळी मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची, विक्रीचे आकडे आणि ग्राहक सर्वेक्षणं. म्हणून मी स्वतःहून दांडेकर समितीकडे वळलो, म्हणजे राज्यातल्या विकासाचा अनुशेष, मागे राहिलेली तूट, मोजणाऱ्या समितीकडे. समिती १९८३ मध्ये नेमली, अहवाल १९८४ चा. अनुशेषावर मराठवाड्यात पारावरही चर्चा होते, पण तो मोजला कसा हे फारसं कोणी सांगत नाही. समितीने राज्याची सरासरी हे माप धरलं, जिल्हा हे एकक धरलं, रस्ते, सिंचन, वीज अशा एकेका क्षेत्रात कुठला जिल्हा सरासरीच्या किती खाली आहे ते पाहिलं आणि ती तूट भरायला लागणारा खर्च काढला. राज्याचा एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. सरासरी हेच माप का, यावर वाद घालता येतो. पण माप उघड मांडलेलं आहे म्हणूनच तो घालता येतो. मोर्चात "आमच्यावर अन्याय झाला" एवढं पुरतं. अहवालात कशाच्या तुलनेत, कुठल्या खात्यात आणि किती, हे लिहावं लागतं. कार्यपद्धतीच्या धड्यात वर्गाने हे एक उदाहरण घेतलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

दुसरी तक्रार भाषेची, आणि इथे माझं शिकवणाऱ्यांशी अजिबात पटलं नाही. तटस्थ वाटावं म्हणून "पाहणी करण्यात आली", "निदर्शनास आले" असं लिहा, हा त्यांचा आग्रह. पाहणी केली कोणी? आमच्याकडे उद्या पैशाचा प्रश्न निघाला तर हेच पहिलं विचारतात. मी सरळ लिहितो: "गोदामपाल आणि दोन संचालकांनी पाहणी केली." "सदर", "उपरोक्त", "अनुषंगाने" यांचा तर सरकारी पत्रांतून पुरेसा पुरवठा होतोच, त्यासाठी फी कशाला भरायची?

तिसरं, साचा छोट्या कामाला झेपत नाही. बारदाना (रिकामी पोती) संपत आलाय, मागवावा लागेल, यासाठी कार्यकक्षा आणि परिशिष्ट लिहीत बसलो तर तोवर काटा बंद पडेल. अशा कामांना मी अर्ध्या पानाचं टिपण करतो: विषय, काय आढळलं, काय करावं, सही. कुठे पूर्ण अहवाल आणि कुठे टिपण, याबद्दल वर्गात चकार शब्द नाही.

टायपिंगचं काही शिकवत नाहीत, ते आपलं आपण बघायचं. शीर्षकांना हेडिंगची स्टाइल दिली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फाँटमधली फाइल बँकेच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

मंडळाच्या बैठकीत आता काय घडलं यावर फार वेळ जात नाही, भांडण होतं ते शिफारशीवर. बँकेचे साहेब सारांश आणि शेवटचा तक्ता एवढंच वाचतात, म्हणून ते दोन्ही एकमेकांशी जुळतात ना हे मी पाठवण्याआधी पाहतो.

उत्पादक कंपन्या, बचत गटांचे संघ, संस्थांचे सचिव यांना वर्ग उपयोगी पडेल. विद्यापीठाच्या प्रकल्प अहवालासाठी घेऊ नका, तिथे विभागाचा नमुना पाळावा लागतो. आणि नुसता साचा हवा असेल तर फी भरायची गरज नाही, तो वर दिलाच आहे. पैसे भरायचे ते अहवाल तपासून घेण्यासाठी. माझ्या वाक्यांखाली लाल शाईत "हे कशावरून?" असं जितक्यांदा आलं, तितकं शिकायला मिळालं.