चेन्नईच्या नावाने गेलेले 25,950 रुपये

डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई पाण्यात गेली, 5 तारखेला ते आंध्रात बापटल्याजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही फैजपूरकडचे केळीवाले. जूनच्या वादळात कापणीला आलेली केळी आडवी झालेली ज्याने पाहिली, त्याला असले फोटो बघवत नाहीत. त्यामुळे "कशाला भानगडीत पडला?" असं कुणी विचारू नका.

आमच्या ग्रुपवर एका संस्थेच्या नावाने फोटोसकट मेसेज आला: पूरग्रस्तांच्या मदतीसाठी एका कुटुंबाचं किट 1,250 रुपये, खाली क्यूआर कोड. माझी 4 किटं, भाऊबंद-शेजाऱ्यांची 15. मिळून 23,750 माझ्याच खात्यातून गेले. वर ट्रकच्या डिझेलला म्हणून 2,200 मागितले, तेही दिले.

कोड स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर संस्थेचं नाव नव्हतंच, कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं होतं! मी दोनदा वाचलं. वाटलं, कार्यकर्त्याचं दुकान असेल. पिन टाकण्याआधी ते नाव दिसतं ते कशासाठी दिसतं, हे आता झोपेतही आठवतं. आणि फोटो! सुरतेला लूमवर असलेल्या भाच्याने बघितल्याबरोबर सांगितलं, "मामा, दुकानाची पाटी ओडिया आहे. आमच्या कारखान्यात निम्मे कारागीर तिकडचेच. हा ओडिशातल्या 2019 च्या फानी वादळाचा असेल." तोवर पावती मागितली म्हणून त्यांनी मला ब्लॉक केलेलं.

पोलीस ठाण्यात म्हणे जळगावला सायबरकडे जा. तिथे म्हणे आधी बँकेत जा. बँकेतला साहेब मान वर न करता, "पिन तुम्हीच टाकला ना?" अहो, मीच टाकला, म्हणून तर आलोय! शेवटी एकाने ऐकवलं, रक्कम लहान आहे. लहान? लोकांचे पैसे मी पदरचे भरले, वर पारावर हशा वेगळाच.

कुठेही जाण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासात. व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगले की गोठवायला काही उरत नाही. मदत करायचीच तर त्या राज्याच्या मुख्यमंत्री निधीत, सरकारी वेबसाइट स्वतः उघडून. फॉरवर्ड आलेल्या कोडवर छदामही नाही, सख्ख्या भावाने पाठवला तरी.

परवा एकाचा फोन आला: "तुमची रक्कम परत मिळतेय, फक्त 999 प्रोसेसिंग फी भरा." त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.